‘हे अंशतः खरे आहे’ : आरोग्य आणि शिक्षणाचे स्थानिक प्रश्न विधिमंडळात मांडताना

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दोन वर्षांपासून स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना शिक्षक नाही, आमदारांनी हे दोन्ही विषय सलग दोन अधिवेशनांत मांडले, त्यांच्या भाषणाची चित्रफीत गावभर फिरली, मंत्र्यांनी सकारात्मक विचार करण्याचे सांगितले आणि तरीही परिस्थिती जैसे थे आहे. मग सभागृहात विषय मांडून खरोखर काही होते का, आणि होत असेल तर आमच्या बाबतीत ते का झाले नाही?

गेली वीस-बावीस वर्षे वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांसाठी प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि कपात सूचना लिहून देण्याचे काम मी करत आले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगते की होते, पण एका अटीवर. सभागृहात गाऱ्हाणे मांडले की शासन सहानुभूती व्यक्त करते; कागद कोणत्या विभागात, कोणत्या मान्यतेसाठी आणि केव्हापासून थांबला आहे हे शासनाकडून लेखी वदवून घेतले, तर तो कागद हलण्याची शक्यता निर्माण होते. आपल्या आमदारांनी पहिली गोष्ट केलेली दिसते. दुसरी राहिली आहे.

आधी हे पाहावे की विषय कोणत्या आयुधाने मांडला गेला. (सभागृहातील या साधनांना आपल्याकडे ‘आयुधे’ म्हणण्याची रीत आहे; ती चालवणारे पुष्कळ आणि परजणारे त्याहून पुष्कळ.) ज्या चित्रफिती गावात सर्वाधिक फिरतात त्या बहुधा औचित्याच्या मुद्द्याच्या असतात. औचित्याचा मुद्दा मांडायला सोपा, एक-दोन मिनिटांचा आणि ऐकायला जोरकस असतो. परंतु त्यावर मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर देणे बंधनकारक नसते, आणि पीठासीन अधिकाऱ्यांनी ‘शासनाने नोंद घ्यावी’ एवढे म्हटले की तो बहुतेक वेळा तिथेच संपतो. तारांकित प्रश्नाला, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर अपेक्षित असलेल्या प्रश्नाला, मात्र छापील उत्तर द्यावे लागते. सोडतीत तो खालच्या क्रमांकावर गेला आणि प्रश्नोत्तराच्या तासात त्याची पाळी आली नाही, तरी उत्तर कागदावर येतेच. विधानसभेच्या नियम १०५ खालील लक्षवेधी सूचनेवर मंत्र्यांना लेखी निवेदन करावे लागते आणि त्यावर सदस्यांना प्रश्न विचारता येतात. विधानसभेत नियम २९३ आणि विधान परिषदेत नियम २६० अन्वये होणाऱ्या मोठ्या चर्चा राज्याच्या धोरणाला हात घालण्यासाठी ठीक असतात, पण तीन-चार तासांच्या अशा चर्चेत एखाद्या तालुक्याच्या वाट्याला एक वाक्य येते आणि मंत्र्यांच्या उत्तरात तेही राहत नाही. कपात सूचना, म्हणजे एखाद्या मागणीची रक्कम कमी करावी असे सुचवून त्या निमित्ताने विषय मांडणे, मात्र नवे आमदार उगाच कमी लेखतात. अर्थसंकल्पातील मागण्यांवर एका विशिष्ट गावाच्या, विशिष्ट इमारतीच्या किंवा पदाच्या संदर्भात कपात सूचना देता येते, तिच्यावर भाषण झाले नाही तरी विभागाकडून लेखी उत्तर मागता येते, आणि ती लिहायला अर्धा तास पुरतो.

आता प्रश्नाच्या शब्दांकडे येते, कारण बहुतेक चांगले विषय इथेच वाया जातात. आपल्या विधिमंडळातील प्रश्नाचा साचा ठरलेला आहे : ‘हे खरे आहे काय, असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरांचाही साचा ठरलेला आहे : ‘हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’ आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. सुरुवातीच्या वर्षांत मी एका ग्रामीण रुग्णालयाबद्दल प्रश्न लिहिला होता की तेथील क्ष-किरण यंत्र सहा महिन्यांपासून बंद आहे, हे खरे आहे काय. उत्तर आले, ‘हे खरे नाही.’ आमदार माझ्यावर चिडले, आणि ते योग्यच होते. यंत्र उत्तम चालू स्थितीत होते. ते चालवणारा तंत्रज्ञ दुसऱ्या रुग्णालयात कामगिरीवर पाठवलेला होता. उत्तर लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याने खोटे काहीच लिहिले नव्हते, आणि पहिल्याच भागाला नकार आल्यामुळे पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर नियमाप्रमाणेच आले. त्यानंतर मी अशा विषयावर तीनच आकडे मागू लागले : मंजूर पदे किती, भरलेली पदे किती आणि आज त्या संस्थेत प्रत्यक्ष काम करणारे कर्मचारी किती. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातील अंतरात प्रतिनियुक्त्या, दीर्घ रजा आणि विनापरवानगी गैरहजेरी दडलेली असते, आणि ते अंतर एकदा छापून आले की जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला त्याचा खुलासा देणे भाग पडते.

आपल्या रुग्णालयाच्या बाबतीत मला वेगळीच शंका आहे. ग्रामीण रुग्णालय सर्वसाधारणपणे ३० खाटांचे असते आणि त्याच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या रचनेत, वैद्यकीय अधीक्षक व वैद्यकीय अधिकारी यांची पदे असतात. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ अशी विशेषज्ञांची स्वतंत्र पदे मुख्यतः उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांसाठी मंजूर होतात. त्यामुळे ‘स्त्रीरोगतज्ज्ञाचे पद दोन वर्षे रिक्त आहे’ असे आमदारांनी म्हटले असेल, तर विभाग शांतपणे उत्तर देऊ शकतो की असे पद मंजूरच नाही, मग ते रिक्त कसे असेल. पूर्वी तिथे जे डॉक्टर होते ते बहुधा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटी तत्त्वावर आलेले असतील, किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पदावर बसलेले पदव्युत्तर डॉक्टर असतील. हे आधी शोधून काढावे, कारण उपाय त्यावर ठरतो. कंत्राटी पद असेल तर मागणी अभियानाच्या जिल्हा आराखड्यात जाते आणि ती तुलनेने लवकर सुटते. कायम पद हवे असेल तर रुग्णालयाचे ५० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात श्रेणीवर्धन मागावे लागते, आणि तो लांबचा रस्ता आहे : जिल्ह्यातून प्रस्ताव, आरोग्य सेवा आयुक्तालयाची शिफारस, मंत्रालयात विभागाची तपासणी, वित्त विभागाचे अभिप्राय, पदनिर्मितीसाठी मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सचिव समितीची मान्यता, मग शासन निर्णय, मग बांधकाम, मग पदभरती. राज्यात इमारत उभी आहे पण पदे नाहीत, अशा आरोग्य संस्था दिसतात त्याचे कारण या साखळीत आहे. बांधकामाला निधी मिळवणे आमदाराला जमते, कारण त्याचे भूमिपूजन होते; पदनिर्मितीचे भूमिपूजन होत नाही.

म्हणून सभागृहात विचारण्याचा प्रश्न असा असावा : अमुक ग्रामीण रुग्णालयाच्या श्रेणीवर्धनाचा प्रस्ताव जिल्ह्यातून कोणत्या दिनांकास सादर झाला, तो सध्या कोणत्या स्तरावर आहे, त्या स्तरावर केव्हापासून आहे, आणि त्यात कोणत्या त्रुटी काढल्या गेल्या. प्रस्तावच गेलेला नसेल तर तेही उघड होते, आणि माझ्या अनुभवात निम्म्या वेळा तेच उघड होते. सगळा तालुका वर्षानुवर्षे शासनाला दोष देत असतो आणि जिल्ह्याच्या कार्यालयातून प्रस्ताव निघालेलाच नसतो.

विभाग कोणता, हा दुसरा सापळा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे असतात व जिल्हा आरोग्य अधिकारी त्यांचे प्रमुख असतात. ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाल्याची बातमी राज्यभर गाजली, आणि त्याआधी ऑगस्टमध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात एका दिवसात १८ मृत्यू झाले होते. दोन्हीकडे चर्चा ‘राज्याची आरोग्यव्यवस्था’ अशी एकच झाली, परंतु पहिल्याचे उत्तर वैद्यकीय शिक्षण विभागाने द्यायचे होते आणि दुसऱ्याची चालक संस्था महानगरपालिका होती, म्हणजे मंत्रालयात तिचा संबंध नगरविकास विभागाशी येतो. शिक्षणात गुंतागुंत याहून अधिक आहे. जिल्हा परिषदेची शाळा शालेय शिक्षण विभागाची. आदिवासी आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची. विमुक्त जाती व भटक्या जमातींची आश्रमशाळा इतर मागास बहुजन कल्याण विभागाची. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची. आश्रमशाळेतील मुलीच्या आजारपणाचा प्रश्न आरोग्य विभागाला विचारला, तर तो हस्तांतरित होण्यात अधिवेशन निघून जाते.

शिक्षकांच्या प्रश्नाकडे वळताना एक दिनांक लक्षात ठेवावा : ३० सप्टेंबर. त्या दिवसाच्या पटावर, आणि अलीकडे आधार पडताळणी झालेल्या पटावर, शाळेची संचमान्यता होते, म्हणजेच त्या शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, आणि सहावी ते आठवीचा पट २० पेक्षा कमी असेल तर तिथे शिक्षकाचे पदच मान्य होत नाही, ही त्याच्यावरील टीकेची मुख्य बाब होती. आपल्या शाळेत नेमके हेच घडले असण्याचा संभव आहे. तसे असेल तर ‘शिक्षक द्या’ ही मागणी निरर्थक ठरते, कारण मंत्री निकषाकडे बोट दाखवतील. तिथे प्रश्न निकषालाच विचारावा लागतो, आणि तो विचारण्यासाठी हाताशी कायदा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्यातील नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. शून्य शिक्षकांची शाळा ही या अंतराच्या हिशेबात शाळा म्हणून धरता येते काय, आणि येत नसेल तर त्या मुलांची पुढची शाळा किती किलोमीटरवर आहे व वाहतुकीची तरतूद काय केली आहे, असा प्रश्न विचारला की विभागाला आकडा द्यावा लागतो. अशा प्रश्नासाठी डोंगरातील वाटेने जाणारे खरे अंतर मोजून न्यावे; नकाशावरील सरळ रेघेचे अंतर विभागाकडे आधीच असते.

याच कायद्याबाबत आमदारांकडून एक संधी निसटल्याचे मला वाटते. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्याने नियमांत बदल करून, शासकीय किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट दिली. पालक न्यायालयात गेले आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. परंतु कायद्याच्या कलम ३८ नुसार असे नियम विधिमंडळापुढे ठेवावे लागतात, म्हणजे ते सदस्यांच्या नजरेखाली येतात आणि त्यांवर सभागृहात बोलण्याची वाट मोकळी असते. पटलावर ठेवलेले कागद वाचण्याची सवय आपल्या सभागृहांत फार थोड्यांना आहे. गर्दी असते ती सकाळी पायऱ्यांवर फलक घेऊन उभे राहण्याच्या वेळी.

सभागृहात ठराव झाला आणि गावात काही बदलले नाही, ही तक्रार शंभर वर्षांपूर्वीचीही आहे, आणि तिची एक मोठी हकिकत महाराष्ट्रातलीच आहे. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात ठराव मांडून संमत करून घेतला की सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले असावेत. आरोग्य, शिक्षण आणि पाणी एकाच ठरावात आले होते. सरकारने तो खाली कळवला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला, पण पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, नगरपालिकेने त्यानंतर आपला ठराव मागे घेतला आणि न्यायालयातील वाद १९३७ पर्यंत चालला. मधल्या काळात, १९२६ मध्ये, बोले यांनी आणखी एक ठराव आणला होता, तो मला त्यांच्या पहिल्या ठरावाइतकाच महत्त्वाचा वाटतो : ज्या स्थानिक संस्था पहिला ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान सरकारने रोखावे. तीन वर्षांच्या अनुभवाने त्यांना समजले होते की नुसत्या ठरावाला नगरपालिका भीत नाहीत. आजच्या आमदारानेही आपल्या प्रश्नाला पैशाची दोरी बांधता येते का हे पाहावे. पुरवणी मागणी, अर्थसंकल्पीय शीर्ष किंवा जिल्हा नियोजन समितीचा आराखडा यांपैकी कुठे तरी ती बांधली जाते.

पैशाचा विषय निघाला म्हणून एक गैरसमज दूर करते. आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपयांचा असला तरी त्यातून डॉक्टरचा किंवा शिक्षकाचा पगार देता येत नाही. रुग्णवाहिका, उपकरणे, वर्गखोली यांसाठी तो उपयोगी आहे, पण आपला प्रश्न माणसांचा आहे, आणि ‘आमदारांनी निधी द्यावा’ असा आग्रह धरला तर रुग्णालयाला आणखी एक यंत्र मिळेल, जे चालवायला कोणी नसेल.

आता मंत्र्यांनी दिलेल्या उत्तराकडे. ‘सकारात्मक विचार करू’, ‘तपासून पाहू’ आणि ‘तीन महिन्यांच्या आत ही पदे भरली जातील’ या तीन वाक्यांची किंमत सारखी नसते. सभागृहात दिलेल्या आश्वासनांच्या पूर्ततेवर लक्ष ठेवणारी आश्वासन समिती असते; तिच्या नोंदीत आश्वासन गेले की विभागाला अनुपालन कळवावे लागते आणि उशीर झाला तर सचिवांना समितीपुढे साक्षीसाठी बोलावले जाऊ शकते. तपासून पाहण्याचे आश्वासन तपासल्याबरोबर पूर्ण होते. त्यामुळे अनुभवी सदस्य उपप्रश्नात एकच गोष्ट लावून धरतात : कालमर्यादा. ‘नेमके केव्हापर्यंत?’ या एका उपप्रश्नासाठी मी आमदारांना बाकी सगळे उपप्रश्न सोडायला सांगते. आपल्या आमदारांना मिळालेले उत्तर कार्यवाहीच्या वृत्तांतात शब्दशः काय नोंदले गेले आहे ते मिळवावे. कधी कधी चित्रफितीत न ऐकू आलेला दिनांक तिथे सापडतो, आणि मग समितीकडे जाण्याचा मार्ग खुला होतो. प्रकरण जिल्हा परिषदेचे असेल तर पंचायत राज समितीच्या दौऱ्याचीही वाट पाहावी; ती जिल्ह्यात येणार असे समजले की रंगरंगोटीबरोबर जुनी प्रकरणेही कपाटातून बाहेर येतात.

वेळेचेही गणित असते. अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, पण विभागांचे अंदाज त्याआधी काही महिने तयार होतात, म्हणून ज्या मागणीला नवा पैसा लागतो ती १९५३ च्या नागपूर करारामुळे नागपुरात भरणाऱ्या हिवाळी अधिवेशनात विचारणे मला अधिक फायद्याचे वाटत आले आहे. शिक्षकांच्या समायोजनाचा, म्हणजे जास्तीचे शिक्षक कमतरता असलेल्या शाळांत पाठवण्याचा, प्रश्न पावसाळी अधिवेशनात शोभतो, कारण शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. शिवाय अधिवेशन जवळ येणे हाच एक दबाव असतो. पहिलीपासून तिसऱ्या भाषेसंबंधीचे १६ एप्रिल आणि १७ जून २०२५ चे दोन्ही शासन निर्णय सरकारने २९ जूनला मागे घेतल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी, ३० जूनला, पावसाळी अधिवेशन सुरू झाले. त्यामागे रस्त्यावरचा विरोध होताच, पण सभागृहात उत्तर द्यावे लागणार ही जाणीवही होती, असे मला वाटते.

एक अडचण मात्र आमदाराच्या हाती नसते. आपले आमदार उद्या मंत्री झाले तर त्यांना सभागृहात प्रश्न विचारता येणार नाही; तेव्हा शेजारच्या मतदारसंघातील सदस्य किंवा शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांतून विधान परिषदेवर गेलेले प्रत्येकी सात सदस्य यांच्याकडे जावे. शाळांच्या बाबतीत तर शिक्षक मतदारसंघाच्या सदस्याकडे मी आधीच जाईन, कारण संचमान्यतेची भाषा त्याला समजावून सांगावी लागत नाही.

पुढच्या अधिवेशनासाठी आमदारांच्या कार्यालयात जाताना निवेदनावर शंभर सह्या नसल्या तरी चालेल. रुग्णालयासाठी माहितीच्या अधिकारात मिळवलेली मंजूर, भरलेल्या आणि कार्यरत पदांची माहिती, गेल्या बारा महिन्यांत प्रसूतीसाठी पुढे पाठवलेल्या महिलांची रुग्णालयाच्या नोंदवहीतील संख्या आणि पुढच्या रुग्णालयाचे अंतर एका पानावर लिहावे. शाळेसाठी ३० सप्टेंबरचा पट, संचमान्यतेची प्रत आणि जवळच्या पर्यायी शाळेपर्यंतची वाट किती किलोमीटरची आहे ते दुसऱ्या पानावर. प्रश्नांची सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर नेलेल्या कागदाचा फार तर औचित्याचा मुद्दा होतो. आणि दोन्ही पानांवर कोणाही रुग्णाचे वा विद्यार्थ्याचे नाव लिहू नये. छापील उत्तर कायम राहते, आणि त्या बाईला किंवा त्या मुलाला पुढे त्याच गावात राहायचे असते.